प्रूफावर आईची सही

माझ्या पत्रकांतल्या उद्गारचिन्हांवर शालूकाकींचा राग होता. मी लिहून नेलेला कागद त्या आधी हातभर लांब धरायच्या, मजकुराकडे बघायच्याही नाहीत, आणि म्हणायच्या, "काय गो पत्रकबाई, आज फार काठ्या घेऊन आलीस? कुणाला मारायचंय?" मग लाल पेन निघायचं आणि काठ्या पडायला लागायच्या. शेवटी एखादी उरायची. "ही असू दे. म्हातारपणी टेकायला लागेल."

काकी गेल्याला आता वर्ष होईल. 'फणी'च्या या अंकात त्यांच्यावर मीच लिहायचं असं सगळ्याजणींनी ठरवलं, वर तंबीही दिली की त्यांना थोरबीर करू नकोस. थोर करायचा प्रश्नच नाही. मी त्या बाईशी सलग तीन वर्षं भांडले आहे. एकदा तर त्यांच्या विरोधात पत्रक लिहून ते त्यांच्याकडेच छापायला दिलं होतं. ते पुढे सांगते.

'फणी' पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. हे आमचं बायकांचं मासिक. मासिक म्हणायचं इतकंच, दर महिन्याला ते कधीच निघालं नाही. महाडच्या बाजारपेठेत एका बोळात काकींची प्रेस होती. नाव कुणी विचारायचं नाही, 'काकींची प्रेस' म्हटलं की रिक्षावाला आणून सोडायचा. तिथे लग्नपत्रिका छापल्या जायच्या. महाड-पोलादपूरच्या निम्म्या पोरी त्या बोळातून सासरी गेल्यात. आणि त्याच मशीनवर, लग्नाची घाई नसेल तेव्हा, 'फणी' निघायची. कागदही लग्नांचाच, पत्रिका कापून उरलेला. त्यामुळे आमचे अंक कधी गुलाबी, कधी पिस्ता, कधी कोपऱ्यात पुसट गणपती. एक वर्ष घटस्फोटावर विशेषांक काढला, त्याला केवड्याचा वास येत होता. मी चिडले. काकींनी अंक नाकाशी धरला. "बरं आहे की. कुणीतरी हुंगायला तरी उघडेल."

मासिकाचं नाव 'फणी' का, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी तेव्हा पुण्याहून नुकती परत आलेली. तिथे संघटनेत चार वर्षं पत्रकं लिहिली होती, वाटली होती, काही वेळा पोलिसांच्या गाडीतही वाचून दाखवली होती. मला 'एल्गार', 'वणवा' अशा नावांची सवय.

"डोक्यात उवा झाल्या की काय करतेस?" काकींनी विचारलं.

"फणीनं काढते."

"डोकं तोडतेस का?"

"नाही."

"मग झालं तर."

अशी ती बाई. तुमच्या दोन तासांच्या व्याख्यानाला तीन प्रश्नांत आडवं पाडणार आणि पुन्हा चष्मा लावून कुणाच्या तरी पत्रिकेतली 'चुलत मामी' तपासणार.

काकींचे काका कुठे आहेत, हे महाडात कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "आहेत तिथे बरे आहेत." टिकलीची डबी सापडली की त्या टिकली लावायच्या, नाही सापडली की नाही लावायच्या. त्यामुळे बाजारपेठेत काकांची तब्येत रोज बदलायची. सकाळी टिकली नसली की वाणी हळहळायचा, दुपारी दिसली की बुचकळ्यात पडायचा. काकींना हे सगळं माहीत होतं. मला तर वाटतं, डबी त्या मुद्दाम हरवायच्या.

रविवारी त्या गुडघे घेऊन सवला जायच्या, गरम पाण्याच्या कुंडावर. तिथेही पिशवीत 'फणी'चे अंक. पाय पाण्यात सोडून बसलेल्या बाईला उठून जाता येत नाही, ऐकावंच लागतं, हे त्यांचं वितरणाचं तंत्र. आणि अंकात काय छापायचं याची परीक्षाही अशीच. प्रेसमध्ये पत्रिका न्यायला आलेली जी कुणी बाई बाकावर बसलेली असेल तिला लेख वाचून दाखवायचा. ती जिथे जांभई देईल तिथे लाल रेघ. माझ्या पहिल्या लेखाला बिरवाडीच्या एका मावशींनी पहिल्याच वाक्याला जांभई दिली. वाक्य 'पितृसत्ताक संरचनेच्या अंतर्विरोधांचे' असं सुरू होत होतं. मी म्हटलं, त्या थकल्या असतील. काकी म्हणाल्या, "थकलेल्या बाईसाठीच काढतोय ना आपण?"

मुक्तीची गोष्ट तर अजून मला मान खाली घालायला लावते. मी आल्या आल्या तुडीलला सभा लावली. पत्रकावर ठसठशीत अक्षरांत 'स्त्रीमुक्ती मेळावा', खाली घराघरांतून येण्याचं आवाहन. काकींनी कागद वाचला, माझ्याकडे बघितलं. छापून दिला. सभेला पंधरा-वीस बायका आल्या, सगळ्या वयस्कर, पांढऱ्या नाहीतर फिकट लुगड्यातल्या, चेहरे पाडून. एकीच्या हातात फुलं. मी माइक हातात घेतला तर पुढच्या आजींनी हळूच विचारलं, "कोन गेली गो?"

मला कळेना. "कुणी गेलं नाही आजी."

"मंग मुक्ती कुनाला मिलाली?"

परत आल्यावर मी काकींवर तुटून पडले. आधी का नाही सांगितलंत? त्या शांतपणे म्हणाल्या, "मी सांगितलं असतं तर तू मला प्रतिगामी म्हणाली असतीस. आजींना म्हणालीस का?" नव्हते म्हणाले. पुढच्या वेळी पत्रकावर 'बायांची बैठक' इतकंच घातलं. शंभरावर बायका आल्या, दोघी तर फणी घेऊन आल्या, खरीखुरी.

आता भांडणाच्या मूळ मुद्द्यावर येते. मुद्दा होता 'सौ.' 'फणी'त 'सौ.' छापायचं नाही, 'श्रीमती' नाही, 'गं. भा.' तर नाहीच. बाईचं नाव नुसतं. हा नियम काकींनीच घातलेला, माझ्या जन्माच्या आधी. आणि त्याच टेबलावर, त्याच हातांनी, त्या दिवसभर पत्रिकांमध्ये 'चि. सौ. कां.' टाइप करायच्या. नवरा नुसता चिरंजीव, आणि नवरीनं मात्र चिरंजीवही व्हायचं आणि वर सौभाग्याची आकांक्षाही धरायची! (ही एक काठी मी राहू देणार आहे.) मला तो ढोंगीपणा वाटायचा. तोंडावर तसं म्हटलंही. काकी म्हणाल्या, "पत्रिका त्यांची, फणी आपली. आधी वाच, मग चीड."

मी वाचलं नाही. सरळ कृती केली. 'फणी'चा अंक तयार होता, कुठे कुठे लेखिकांनी आपणच 'सौ.' लावून पाठवलं होतं. एकेक शोधत बसण्यापेक्षा मी कॉम्प्युटरला हुकूम दिला, जिथे जिथे 'सौ' दिसेल तिथे काढून टाक. कुणी ठिपका विसरलं असेल म्हणून ठिपक्याशिवायही शोधायला सांगितलं. त्यानं चोख काम केलं. फक्त पडद्यावर 'फणी' नव्हती. सवच्या एका घरची पत्रिका होती, प्रूफ पास झालेली. ती तशीच छापली गेली.

नवऱ्याचं नाव सौरभ. पत्रिकेत तो 'चि. रभ' झाला. नवरी 'चि. कां.' झाली. वरमाई, करवल्या, आत्या, मावश्या सगळ्यांचं सौभाग्य एका फटक्यात गेलं. आणि शेवटी, जिथे मंडपवाल्याचं नाव असतं, तिथे 'सौजन्य' ऐवजी नुसतं 'जन्य' राहिलं.

नवऱ्याचे वडील गठ्ठा घेऊन बोळात शिरले तेव्हा मी मागच्या दाराकडे बघत होते. काकी पुढे झाल्या. "चूक माझी," म्हणाल्या. "परवा सकाळी नवीन मिळतील." त्यांनी माझं नाव घेतलं नाही. ते गृहस्थ गेल्यावर चष्मा काढून पदरानं पुसत म्हणाल्या, "तू पितृसत्ता काढायला गेलीस आणि नवराच अर्धा केलास." मी रडायच्या बेतात. "आणि ते सौजन्य तरी ठेवायचंस. आधीच तुझ्याकडे कमी."

त्या दिवसापासून भिंतीवर पाटी लागली, 'सहीनंतर अक्षराला हात लावायचा नाही.' ती माझ्यासाठी होती. तिच्या वर आधीचीच एक पाटी होती, गिऱ्हाइकांसाठी: 'नवरीची व नवरीच्या आईची सही असल्याशिवाय प्रूफ मशीनवर जाणार नाही.'

या दुसऱ्या पाटीत काकींचं सगळं चातुर्य होतं, आणि मला ते दिसायला वेळ लागला. पत्रिका ठरवायला पुरुष यायचे. काका, मामा, मुंबईकर मंडळाचे अध्यक्ष. काकी कुणाशी वाद घालायच्या नाहीत. सगळं ऐकून घ्यायच्या, टाइप करायच्या, प्रूफ हातात द्यायच्या आणि पाटीकडे बोट दाखवायच्या. हा नियम कुणी केला? काकींनी. कशासाठी? "नियम आहे." एवढंच. त्यामुळे डोंगरावरच्या वाड्यांतून, कधी कामाचा दिवस मोडून, आया आणि पोरी एस्टीनं महाडला यायच्या. स्वतःच्या लग्नात कोण कोण बोलावतंय, हे निम्म्या पोरींना त्या बाकावर बसून पहिल्यांदा कळायचं. एकीला तर नवऱ्याचं शिक्षण तिथे कळलं. प्रूफात 'बी. ए.' होतं आणि तिला 'बी. ई.' सांगितलेलं. ते लग्न झालं नाही. पत्रिकेचा कागद वाया गेला, तो आम्ही 'फणी'ला वापरला.

आणि अशाच एका दुपारी दत्ताराम आला.

दत्ताराम आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या एका वाडीचा, राहायला नालासोपाऱ्याला. पुतणीचं लग्न. त्याचा मोठा भाऊ गणपत वारून नऊ वर्षं झालेली. मागे वहिनी, इंदूबाई, आणि तिची एकच मुलगी मयूरी. इंदूबाईंनी नाचणी-वरी करून, दुसऱ्याच्या शेतावर लावणीला जाऊन मयूरीला बारावी केलं होतं, आणि मयूरी आता पोलादपुरात एका दवाखान्यात नाव-नोंदीला बसत होती. हे सगळं दत्तारामनंच सांगितलं, अभिमानानं सांगितलं. वाईट माणूस नव्हता तो. पण त्यानं आणलेल्या मजकुरात इंदूबाईंचं नाव कुठेच नव्हतं. वर 'कै. गणपत यांची कन्या', खाली निमंत्रक म्हणून स्वतः दत्ताराम, मग ग्रामस्थ मंडळ, महिला मंडळ, मुंबईकर मंडळ, क्रिकेटचा संघ. महिला मंडळ होतं, आई नव्हती.

"काकी, एकदम अर्जंट हाय. आज फायनल करा."

काकींनी पाटीकडे बोट केलं.

"वयनीला कशाला खाली आनायची? तिला काय वाचता येतंय?"

"मग वाचून दाखवू. नियम आहे."

दुसऱ्या दिवशी तो दोघींना घेऊन आला. इंदूबाई बारीक, काटक, बोलणं कमी. बाकाच्या टोकावर टेकल्या. काकींनी प्रूफ हातात दिलं आणि वाचून दाखवायला चष्मा चढवला, तोवर इंदूबाईंचं बोट पहिल्या ओळीवरून सरकायला लागलं होतं. मनातल्या मनात, ओठ हलवत, त्या सगळी पत्रिका वाचत गेल्या. आम्ही बघत बसलो. मग म्हणाल्या, "भाऊजी, मुहूर्त बारा सत्तेचालीसचा हाय. तुमी अकरा घातलंय."

दत्ताराम पुढे वाकला. "आं?"

"आनि बंडूआजा गेल्या शिमग्यात वारले. त्यांना श्री. लावलंय. आनि म्हादूकाका जित्ते हायेत, त्यांना कै. केलंत."

"अरे देवा. म्हातारा जीव घेईल माझा."

"कै. झाल्यावर कसा घेईल?" काकी म्हणाल्या.

मयूरी तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. दत्तारामनं कपाळ पुसलं. "वयनी, तुमाला वाचता येतं ते बोलला नाय कधी!"

"तुमी इचारलं कवा?"

काकींनी तीनही चुका लाल केल्या आणि हलक्या आवाजात विचारलं, "आणखी कुणी राहिलंय का?"

"नाय. समदी आली."

माझ्याच्यानं राहवेना. "अहो, तुमचं नाव!" मी ओरडलेच. काकींनी टेबलाखालून माझ्या पावलावर पाय दिला, आणि तो काढला नाही.

इंदूबाई कागदाची घडी हातानं सपाट करत राहिल्या. मग दिराकडे न बघता म्हणाल्या, "भाऊजी, माजं बी घाला."

"घालतो की वयनी, नाय कुठं बोललो? खाली प्रेषकात घालतो. गं. भा. लावून. रीत हाय ती."

"गंगा भागीरथी नको. मी काय नदी हाय?"

माझ्या मनात टाळ्या. पुढच्या वाक्याला टाळ्या थांबल्या.

"सौ. घाला."

दत्ताराम आणि मी, दोघंही एकदमच "नाही!" म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं आमचं एकमत झालं. तो म्हणत होता, विधवेला सौ. कसं लावायचं, लोक थुंकतील. मी म्हणत होते, सौ. हवंच कशाला, नुसतं इंदू का नको, नवऱ्यावरून बाईची ओळख. दोघंही एकाच वेळी बोलत होतो आणि दोघंही इंदूबाईंना त्यांच्याबद्दल समजावून सांगत होतो.

काकी म्हणाल्या, "दोघं गप्प बसा. इंदू, का ते सांग."

इंदूबाई मग पहिल्यांदा सलग बोलल्या. "हे होते तवा मी सौ. होते. पन तवा माजं नाव कोन छापतंय? नणंदेचं लगीन झालं, दिराचं झालं, कुठं नाव नाय. आता पोरीचं लगीन, आता नाव छापायचं तर मी सौ. नाय. म्हंजी मी सौ. होते ते कागदाला म्हायतीच नाय कवा. एकदा छापून येऊ दे. मंग नाय मागनार."

मशीन बंद होतं. बोळातून कुणीतरी पाव-बटरची हाळी देत गेलं.

दत्ताराम उठला. "सोयरीक मोडेल हां वयनी. मंग मला बोलू नका. मंडळात मी तोंड दाखवायचं कुठं? मी पत्रिका मुंबईत छापतो."

आता इंदूबाईंचा चेहरा उतरला. सोयरीक मोडण्याची भीती काय असते हे मला पत्रकांतून माहीत होतं, त्या बाकावर ती मी बघितली. बोटं कागदावरून निघून मांडीवर गेली. अजून एक शब्द दत्ताराम बोलला असता तर त्या "ऱ्हाऊ द्या" म्हणाल्या असत्या. काकींनी त्याला बोलू दिलं नाही. त्या मयूरीकडे वळल्या. "दुसरी सही तुझी आहे. तुझं काय म्हणणं?"

मयूरीनं पर्समधून फोन काढला आणि सगळ्यांसमोर नवऱ्या मुलाला लावला. "अहो, आईच्या नावाला सौ. लावतोय पत्रिकेत. तुमच्याकडे चालेल का? नाही चालणार तर आत्ताच सांगा." मग फोनमधून आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असा आवाज आला, "लाव ना. पण मुहूर्त पावणेबाराचा की पावणेएकचा? इथे बाबा दोन दिवस भांडतायत."

काकी कीबोर्डकडे वळल्या. आणि आमच्या या संपादकबाईंनी, ज्यांनी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या लेखांतून 'सौ.' वेचून काढलं होतं, निमंत्रकांत पहिल्या ओळीवर टाइप केलं: सौ. इंदूबाई. बोट क्षणभर थांबलं. "ठिपका लावायचाच हां," त्या इंदूबाईंना म्हणाल्या, "नाहीतर मुंबईकर हिंदीतले शंभर वाचतील."

दोघींनी सह्या केल्या. इंदूबाईंनी सही इतकी दाबून केली की खालच्या कागदावर उमटली.

मी दोन दिवस प्रेसमध्ये गेले नाही. तिसऱ्या दिवशी पत्रक लिहून नेलं. मथळा: 'सौभाग्याच्या दुकानदारीचा निषेध!' कुणाचं नाव नव्हतं, पण महाडात लग्नपत्रिका आणि स्त्रीमुक्ती एका छताखाली दुसरीकडे कुठे होती? काकींनी कागद हातभर लांब धरला, मग जवळ घेऊन पूर्ण वाचला. 'दुकानदारी'चा ऱ्हस्व-दीर्घ सुधारला. दुसऱ्या परिच्छेदातलं एक वाक्य वर नेलं, आणि खरं सांगते, तिथे ते जास्त झोंबत होतं. मग विचारलं, "किती प्रती?"

"तुम्ही छापाल?"

"पैसे देणार असशील तर. माझ्याविरुद्ध फुकट नाही छापणार."

मी कागद ओढून घेतला. "पण काकी, बाईनं मागितलं म्हणून काहीही द्यायचं? उद्या कुणी हुंडा मागितला तर?"

"हुंडा दुसऱ्याकडून घेतात. इंदूनं कुणाचं काय घेतलं?" त्या म्हणाल्या. "स्वतःच्याच मागच्या वर्षांतलं थोडं मागितलं."

मी पत्रकाची घडी करून पिशवीत टाकली. पण सौ.ला माझा विरोध अजूनही कायम आहे, हे इथे नोंदवून ठेवते.

गावच्या पत्रिका इंदूबाईंनी स्वतः वाटल्या. मुंबईच्या दत्ताराम घेऊन गेला. त्यानं तिथे बसून काळ्या पेनानं एकेक 'सौ.' खोडायला सुरुवात केली होती, हे नंतर त्यानंच कबूल केलं. "हात दुखला. मंग बोललो, जाऊ दे."

छापलेल्या पत्रिकेच्या लग्नाला काकी कधी जायच्या नाहीत. म्हणायच्या, सगळ्या जेवणावळींना गेले तर 'फणी' वाचायला जिवंत राहणार नाही. या लग्नाला गेल्या, आणि मला ओढून घेऊन गेल्या. घाटाच्या पायथ्याला उतरून वाडीपर्यंत चढ. त्यांचे गुडघे आणि माझी तत्त्वं, दोन्ही कुरकुरत वर पोहोचलो.

मंडप भरलेला. इंदूबाई कुठे दिसेनात, त्या मागे, भाताच्या टोपांपाशी. मुहूर्ताला अवकाश होता तेव्हा माइकवाल्यानं, गावातल्याच एका उत्साही माणसानं, निमंत्रकांची नावं वाचून स्वागत करायला सुरुवात केली. "आपणा सर्वांचं सहर्ष स्वागत करत आहेत..." आणि थांबला. पत्रिका डोळ्यांजवळ नेली. माइक खरखरला. बायकांच्या बाजूला कुजबुज उठली, एक म्हातारे पाव्हणे "काय हाय रे?" म्हणाले. मागे टोपावर झाकण पडल्याचा आवाज झाला.

काकी उठायला लागल्या. गुडघ्यावर हात ठेवून त्या अर्ध्या उठल्या होत्या, एवढ्यात समोरच्या खुर्चीतून दत्ताराम करवादला, "वाच ना रे! प्रूफ बघून छापलंय ते. मिस्टेक नाय."

"...सौभाग्यवती इंदूबाई," माइकवाल्यानं वाचलं, आणि मग एका दमात दत्ताराम, ग्रामस्थ, महिला, मुंबईकर आणि क्रिकेट.

काकी परत बसल्या. माझ्या पाठीवर एक थाप मारली, ती जरा जोरातच होती.

बुंदी खाऊन त्या लवकर निघाल्या, महाबळेश्वरहून येणारी एस्टी पकडायला. मी फाट्यापर्यंत सोडायला गेले. रस्त्याकडेच्या दगडावर त्यांना बसवलं आणि मला छळणारा प्रश्न विचारला. "काकी, अंकात मी या लग्नावर लिहिणार आहे. नाव कसं छापू? फणीचा नियम की पत्रिकेतलं?"

"मला काय विचारतेस? नाव माझं आहे का?"

"पण संपादक तुम्ही..."

"एस्टीला दहा मिनिटं आहेत. पळ."

मी तो चढ पुन्हा चढले. इंदूबाई पंगतीत वाढत होत्या, कमरेला पदर खोचलेला, हातात आमटीची बादली. मी धापा टाकत विचारलं. त्यांनी एका पाव्हण्याला वाढलं, दुसऱ्याला वाढलं, मग माझ्याकडे बघून हसल्या. "फणीत व्हय? तितं नुसतं इंदू घाल. तितं कोन पाव्हने येनार हायेत?"

मी खाली आले तोवर एस्टी लागली होती, काकी खिडकीशी बसल्या होत्या आणि कंडक्टरनं दोन घंट्या दिल्या होत्या. त्यांनी कानाला हात लावून विचारलं, काय म्हणाली? इंजिनाच्या आवाजात मी बोंबलले, "नुसतं इंदू! फणीत नुसतं इंदू! तिथं कोण पाव्हणे येणार आहेत, म्हणाल्या!" सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. काकींचं डोकं मागे गेलं, त्या हसत सुटल्या, आवाज ऐकू येत नव्हता, नुसते खांदे हलत होते. गाडी निघाली तरी त्यांचा हात खिडकीबाहेरच, माझ्याकडे नाही, वर वाडीच्या दिशेनं केलेला. वळणावर मला शेवटचं दिसलं ते हेच, कंडक्टर वाकून "आजी, हात आत घ्या, आजी" म्हणतोय, आणि काकी त्याचं काहीएक ऐकत नाहीयेत.